रांगेतला शेवटचा

सकाळी प्रोग्राम चालला. एकदाही न अडखळता, अगदी शहाण्या बाळासारखा चालला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. लॅबमध्ये मी एकटीच होते. फरशी नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास, खिडकीजवळचं आमचं नेहमीचं मशीन आणि पडद्यावर रांग: दाढदुखी काका, अक्कलदाढ काकू, खडूस आजोबा, कवळीवाल्या मावशी. ही सगळी आमची खोटी माणसं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही दोघांनी दातांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. पेशंट फोनवरून नंबर लावणार, कुणी रद्द करणार, कुणी ऐनवेळी उगवणार, आणि बाहेरच्या फळ्यावर पुढचं नाव आपोआप येणार. सगळं होत होतं, फक्त मधूनच एखादा माणूस गायब व्हायचा. मोजताना असायचा, बोलावताना नसायचा. बिचारा गाल धरून बसलाय आणि त्याचं नाव काही येत नाही. गेले तीन आठवडे ही चूक आम्हाला छळत होती. म्हणजे त्याला छळत होती. मला ती कुठे आहे ते ठाऊक होतं. रोज सकाळी त्याच्या आधी येऊन ती जागेवर आहे ना, तेवढं मी बघून घ्यायची. आजही तसंच केलं. शेवटच्या मावशींना रद्द केलं, एक नवीन माणूस घातला आणि एकेकाला आत पाठवत सुटले. नवीन माणसाचा नंबर आला, त्याचं नाव फळ्यावर आलं. पुन्हा केलं, पुन्हा आलं. मग नवीन माणसाला मी माझंच नाव दिलं, तर तेही मुकाट्यानं आलं.

तेव्हा कोड उघडला. शोधायची गरज नव्हती, कुठली ओळ ते मी झोपेतही सांगितलं असतं. तिथे एक नवी ओळ होती. त्याचीच, कारण तो बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतो आणि मी सोडत नाही. म्हणजे सापडली त्याला. काल संध्याकाळी ‘डोकं चढलंय’ म्हणून लवकर गेला, आणि खोलीवर बसून शोधली, तिथूनच आमच्या दोघांच्या प्रोग्राममध्ये घातली. माझ्याशिवाय! मला रागच आला. चोरून ठेवलेला माल दुसऱ्यानं पळवला तर चोराला येत असेल तसला राग. काल निघताना तो म्हणाला होता, ‘‘उद्या नाही चाललं तर सरळ पुढच्या महिन्याच्या खेपेला बसू. आत्याला कळवतो, उशिरा येतोय म्हणून.’’ त्याची आत्या तिकडे दुसऱ्या देशात असते. तिच्याकडे राहून तो पुढे शिकणार होता, प्रवेश झाला होता, फक्त ही तोंडी परीक्षा व्हायची होती. आमच्या विभागात नियम असा की चालत नसलेला प्रोग्राम परीक्षेला आणायचाच नाही. आज आमची पाळी होती. चालला नाही तर एक महिना. काल मी घरी गेले ती तरंगतच गेले. एक महिना म्हणजे काय थोडं झालं? एका महिन्यात माणसाला काहीही बोलता येतं. मी काय बोलणार होते ते मला ठाऊक होतं, फक्त सुरुवात कशी करायची ते ठरत नव्हतं. आता महिना गेला, आणि सुरुवातही गेली. पडद्यावर माझं नाव तसंच लुकलुकत होतं, आत या म्हणून.

पहिल्या वर्षी मशीन कमी आणि मुलं जास्त, म्हणून एका मशीनवर दोघं, आणि ते दोघं कोण हे हजेरीच्या क्रमानं ठरलेलं. माझ्या पुढचा नंबर त्याचा. एवढाच काय तो योगायोग, त्यात नशीब वगैरे काही नाही. माझ्या मागच्या नंबराचा मुलगा सतत नाक ओढायचा, माझ्या वाट्याला तोही येऊ शकला असता. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं बघायचं आणि बोलायचं. तो टाइप करायचा, भराभर, आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायला विसरायचा. तेवढं एक टिंब-स्वल्पविराम नसलं की सगळा प्रोग्राम रुसून बसणार, आणि चूक दाखवणार भलत्याच ओळीवर. मी शेजारून म्हणायची, ‘‘अर्धविराम.’’ तो द्यायचा. पुढच्या ओळीला पुन्हा, ‘‘अर्धविराम.’’ महिन्याभरात सगळा वर्ग त्याला याच नावानं हाक मारायला लागला. त्याची आई एकदा वसतिगृहात आली आणि तिनं पोराचं खरं नाव घेऊन विचारलं, तर दारावरच्या मुलानं सांगितलं, ‘‘इथे या नावाचं कुणी राहत नाही.’’ हे त्यानंच मला सांगितलं, हसत हसत, पुढ्यात बघूनच. शेजारी शेजारी बसायची सवय अशी की मला तो एका बाजूनंच पाठ आहे. त्याचा डावा कान, कानामागची पातळ शीर, विचार करताना गालाच्या आत फिरणारी जीभ, डाव्या हाताची बोटं. तो समोरून आला की मला क्षणभर अनोळखी वाटायचा, आणि शेजारी बसला की पुन्हा हायसं वाटायचं. चार वर्षं हा माणूस माझ्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. पुढे सगळ्यांकडे आपापले लॅपटॉप आले, दोघांनी एका मशीनवर बसायची काही गरज उरली नाही, तरी आम्ही खिडकीजवळच बसत राहिलो. त्यानं कधी का म्हणून विचारलं नाही, मीही नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं ना.

ती चूक मला सापडली ती केस धुताना. डोळ्यांत साबण, हातात तांब्या, आणि एकदम लख्ख दिसलं. आमची रांग म्हणजे काय, तर प्रत्येकाला फक्त आपल्या मागच्याचा पत्ता ठाऊक, आणि प्रोग्रामला दोनच पत्ते ठाऊक: पहिला कोण आणि शेवटचा कोण. नवीन कुणी आला की त्याला शेवटच्याच्या मागे उभा करायचा. पण तो शेवटचाच कंटाळून निघून गेला तर? आम्ही त्याला रांगेतून काढत होतो, पण ‘शेवटचा कोण’ हे बदलायचंच विसरलो होतो. प्रोग्राम आपला त्या गेलेल्या माणसालाच शेवटचा धरून बसलेला. पुढे येणारा नवा माणूस त्याच्यामागे उभा राहायचा, जो तिथे नाहीच त्याच्यामागे, आणि मग त्याला कोण बोलावणार? एका ओळीचं काम होतं. तशीच मी ओल्या केसांनी धावत लॅबमध्ये गेले, त्याला सांगायला. अगदी दारापर्यंत शब्द तोंडात होते. तो आधीच येऊन बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘बरंय सापडत नाही ते. नाहीतर आज खोलीवर जाऊन पुस्तकं खोक्यात भरायला लागली असती.’’ मी म्हटलं, ‘‘हो ना.’’ आणि बसले. झालं. एक दिवस गप्प राहायचं ठरवलं होतं, खरंच एकच. पण गप्प राहणं पहिल्या दिवशीच काय ते अवघड जातं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर ‘काल का नाही बोललीस’ आलं असतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. तो एकेक पेशंट घालून बघायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. मी शेजारी बसून ‘असं करून बघू या का’ म्हणत त्याला भलत्याच वाटेला लावायची. एकदा तर सगळा फळ्याचा भाग आम्ही नव्यानं लिहिला, काही कारण नसताना. काय सुंदर लिहिला! इतकी सुखी मी आयुष्यात कधी नव्हते. संध्याकाळचं ऊन तिरकं यायचं, त्याच्या बोटांवर पडायचं, तो पुटपुटायचा आणि मी ऐकायची. मला तो हवा होता. असं सरळ म्हटलं की कसंतरीच वाटतं, पण दुसरं काय म्हणणार? मला तो असाच शेजारी हवा होता, न संपणारं काहीतरी काम घेऊन बसलेला.

घरी आई पडदे शिवते, दुकानांचे, मोठमोठे. मी गेले की मशीनवरून मान वर न करता विचारायची, ‘‘काय म्हणतोय तुमचा आजारी?’’ आजारी म्हणजे आमचा प्रोग्राम. मी म्हणायची, ‘‘आहे तसाच आहे.’’ ‘‘औषध लागू पडत नाही?’’ ‘‘नाही ना.’’ मग ती दाताखाली दोरा तोडायची आणि म्हणायची, ‘‘पण नातेवाईक बरेच खुशीत दिसतायत.’’ आईपुढे काही लपवायची सोय नाही. एकदा जेवताना तिनं विचारलं, ‘‘त्याला माहितेय का गं?’’ मी विचारलं, ‘‘कशाबद्दल म्हणतेस?’’ ती म्हणाली, ‘‘बरं, राहू दे. भाजी वाढू?’’ त्या दिवशी मी अंथरुणात पडून स्वतःशीच भांडले. हिला काय जातं विचारायला. सांगून काय होणार? तो म्हणणार, अरे बापरे. किंवा त्याहून वाईट, तो चांगुलपणानं वागणार, सांभाळून बोलणार, आणि उरलेले दिवस आम्ही दोघं खुर्च्या वीतभराऐवजी हातभर लांब ठेवून बसणार. न सांगता निदान वीतभर तरी आहे. अशी मी रोज स्वतःची समजूत घालायची आणि रोज ती पुरायची. आज मात्र लॅबमध्ये बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की त्याची खुर्ची रिकामी आहे, आणि आता ती अशीच राहणार, आणि त्याला कधी कळणारसुद्धा नाही की इथे शेजारी कुणी त्याच्यासाठी जीव टाकत होतं. नुसतं त्याचं जाणं मी सोसलं असतं. त्याला न कळताच तो जाणार, हे काही सोसवेना.

तो आला तो दारातूनच ओरडत. ‘‘चालवून बघितलास?’’ हातात बांधून आणलेले अहवाल, शर्ट इस्त्रीचा, डोळे तारवटलेले. ‘‘पहाटे सापडली. अगं, एवढीशी होती! मला वाटलं नाचावं. तुला फोन करणार होतो, म्हटलं झोपली असशील.’’ मी म्हटलं, ‘‘करायचा होतास.’’ तो खुर्ची ओढून बसला, धापा टाकत, आणि मला ती चूक समजावून सांगायला लागला. शेवटचा माणूस, त्याचा पत्ता, मागून येणारा. कागदावर चौकोन काढले, बाण काढले. मी ‘अच्छा’ म्हटलं, ‘अय्या हो की’ म्हटलं. चार वर्षांत त्यानं मला इतकं समरसून काहीच समजावलं नव्हतं. एरवी मीच सांगायची आणि तो टाइप करायचा. बाण काढताना पेन अडलं, त्यानं ते झटकलं, शाईचा शिंतोडा माझ्या बाहीवर उडाला. ‘‘सॉरी सॉरी,’’ म्हणत तो अंगठ्यानं पुसायला लागला, तर डाग पसरला. ‘‘राहू दे रे,’’ मी म्हटलं. मला तिथेच रडू फुटलं असतं. ‘‘तू खूश नाहीस?’’ त्यानं विचारलं. ‘‘आहे की. पोटात गोळा आलाय परीक्षेचा.’’ ‘‘हॅट, तुला कसला गोळा!’’

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात. आमचे सर त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होते. बाईंनी प्रोग्राम चालवला, मान डोलावली, नावं वाचून हसल्यासुद्धा. मग विचारलं, सगळ्यांत त्रास कशानं दिला? तो जणू याचीच वाट बघत होता. त्यानं सगळं सांगितलं, हातवारे करून. बाई म्हणाल्या, ‘‘जुना प्रोग्राम आहे का? चुकीचा?’’ होता. त्यांनी तो उघडायला लावला. ‘‘तुम्ही म्हणता, शेवटचा माणूस निघून गेला आणि नवा आला की नवा हरवतो. बघू या.’’ त्यांनी दाढदुखी काकांना घातलं, काढलं आणि खडूस आजोबांना घातलं. आजोबांचं नाव फळ्यावर आलं. ‘‘हरवले नाहीत की,’’ बाई म्हणाल्या. त्यानं पुढे वाकून बघितलं. ‘‘म्हणजे... नाही, मॅडम, हरवायला हवे होते.’’ ‘‘मग का नाही हरवले? तुम्ही दुरुस्ती केलीत ती कळून केलीत, की लागला तर लागला म्हणून केलीत?’’ सरांनी कप खाली ठेवला. त्याचा कान माझ्याकडे होता, डावा, आणि तो हळूहळू लाल होत गेला. जीभ गालात फिरायला लागली. त्याला नव्हतं माहीत. पहाटे चूक सापडली, पण तिच्या सवयी त्याला ठाऊक नव्हत्या; तीन आठवडे तिच्याबरोबर मी राहिले होते. बोलावं तर सगळं उघडं पडणार. गप्प बसावं तर हा असाच कान लाल करून उभा राहणार, आणि शेवटची आठवण म्हणून हे घेऊन जाणार. खरं तर मी इतका विचारही केला नाही. बोलायला लागले तेव्हा कळलं की बोलतेय.

‘‘मॅडम, तुम्ही एकट्याच माणसाला घातलंत,’’ मी म्हटलं. ‘‘एकटाच असला आणि तो गेला, तर रांग रिकामी होते. रिकामी रांग आम्ही नव्यानं सुरू करतो, तेव्हा शेवटचा कोण तेही नव्यानं लिहिलं जातं. चूक तिथे झाकली जाते. आधी दोघं तरी हवेत. आणि दिसते तीसुद्धा लगेच नाही, पुढचे सगळे आत जाऊन येईपर्यंत काही कळत नाही. तोवर कोण कधी रद्द झालं ते कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून तर इतके दिवस सापडली नाही. आम्ही एकेकच पेशंट घालून बघत होतो ना.’’ बाईंनी दोघांना घातलं, मागच्याला काढलं, तिसऱ्याला घातलं. तिसरा हरवला. ‘‘छान,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही या चुकीशी बराच संसार केलेला दिसतोय.’’ सर हसले. तो हसला नाही. मान वळवून तो माझ्याकडे बघत होता. एकेक पेशंट कोण घालत होतं, आणि शेजारी बसून ‘असं करून बघू या का’ कोण म्हणत होतं, हे त्याच्या तोंडावर एकेक करून उमटताना मला दिसलं. बाईंनी अजून काय काय विचारलं. मी उत्तरं दिली असणार, कारण गुण चांगले पडले असं नंतर सर म्हणाले.

बाहेर जिन्याजवळ तो थांबला. ‘‘कधीपासून?’’ मी म्हटलं, ‘‘अगदी सुरुवातीपासून. दुसऱ्याच दिवशी.’’ ‘‘दुसऱ्या दिवशी!’’ तो एवढ्या जोरात म्हणाला की वरून कुणीतरी वाकून बघितलं. ‘‘अगं, मला वाटत होतं मी मठ्ठ आहे. तीन आठवडे. परवा आत्याला फोन करून म्हटलं, मला नाही जमायचं तिथे, पहिल्या वर्षातल्या पोरांची चूक मला सापडत नाही. ती बिचारी माझी समजूत काढत बसली. आणि तू शेजारी बसून बघत होतीस?’’ हे मला सुचलंच नव्हतं. देवाशप्पथ सुचलं नव्हतं. मी त्याची बोटं बघितली, कान बघितला, पुटपुटणं ऐकलं, आणि त्याला काय होतंय ते एकदाही बघितलं नाही. माझी मलाच किळस आली. ‘‘चुकलं माझं,’’ मी म्हटलं. ‘‘चुकलं ते कळलं,’’ तो म्हणाला, ‘‘पण का? मार्क कमी पडायला हवे होते का मला?’’ ‘‘वेड्या,’’ मी म्हटलं, ‘‘तू येत राहावंस म्हणून. सापडली की तू जाणार. म्हणून.’’ बोलून टाकलं आणि कठडा घट्ट धरला. हातातला अहवाल त्यानं या हातातून त्या हातात घेतला. जिन्यावरून चार-पाच पोरं धडाधड खाली गेली, आम्ही भिंतीला टेकून त्यांना वाट दिली, आणि मग पुन्हा तसेच समोरासमोर उभे राहिलो.

‘‘मी आलोच असतो गं,’’ तो म्हणाला. रागानंच म्हणाला, कुणाला तरी झापावं तसं. ‘‘तू नुसतं ये म्हणाली असतीस तरी आलो असतो. त्याला प्रोग्राम कशाला बिघडायला हवा?’’ मला हसू यायला लागलं आणि ते धड हसू झालं नाही. तीन आठवडे. समोरासमोर बसून, चहा पीत, काहीही बोलत घालवता आले असते असे तीन आठवडे. आणि आम्ही ते खोट्या पेशंटांना आत-बाहेर करण्यात घालवले. ‘‘तिकीट?’’ मी विचारलं. ‘‘शनिवारचं. पहाटे चाललं आणि लगेच काढलं.’’ त्यानं डोळे चोळले. ‘‘तेव्हा इतका आनंद झाला होता ना.’’ आज गुरुवार होता. मी मनात हिशेब केला आणि सोडून दिला. हिशेब करण्यासारखं फार नव्हतंच. वर पाणी सोडल्याचा आवाज आला, कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. मला वाटलं, आता गप्प बसले तर जन्मभर बसेन.

‘‘उद्या ये,’’ मी म्हटलं.

‘‘कुठे?’’

‘‘लॅबमध्ये नको. बाहेर कुठेही. घरी ये.’’

‘‘काम काय आहे?’’

‘‘काहीच काम नाही,’’ मी म्हटलं. ‘‘नुसता ये.’’

त्यानं अहवाल काखेत धरला. मग खालच्या पायरीवर उतरला, थांबला, आणि वळून म्हणाला, ‘‘सकाळीच आलो तर चालेल?’’